कॉस्टिकच्या बाटलीचं बूच

केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये नवीन माणूस आला की त्याला आधी दोन गोष्टी सांगायच्या असतात. अ‍ॅसिडमध्ये पाणी ओतायचं नाही, पाण्यात अ‍ॅसिड ओतायचं. आणि कॉस्टिकच्या बाटलीला काचेचं बूच लावायचं नाही. पहिली गोष्ट पुस्तकात असते. दुसरी बहुतेक जण एखादी बाटली घालवूनच शिकतात.

मीही तशीच शिकले. १९८७ साल. कराडजवळच्या एका कॉलेजात लॅब असिस्टंट म्हणून लागून मला महिना झाला नव्हता. दिवाळीच्या सुट्टीआधी सोडियम हायड्रॉक्साइडचं, म्हणजे कॉस्टिकचंच, द्रावण केलं, छान चकचकीत काचेच्या बुचाच्या बाटलीत भरलं, सुवाच्य अक्षरात लेबल लावलं आणि घरी गेले. सुट्टीनंतर बूच जाम. गरम पाण्याचं फडकं गुंडाळून झालं, लाकडी ठोकळ्यानं टकटक करून झाली. शेवटी बाटलीची मान हातात आली. आमचे शिपाईमामा शांतपणे काचा गोळा करत म्हणाले, "मॅडम, कॉस्टिक काच खातंय. त्येला रबराचं बूच लागतंय."

मामा सातवी शिकलेले, मी बी.एस्सी. फर्स्ट क्लास.

पुढची बत्तीस वर्षं मी त्याच लॅबमध्ये होते. द्रावणं करायची, ब्युरेटच्या तोट्यांना ग्रीस लावायचं, फुटलेल्या मालाची ब्रेकेजच्या वहीत नोंद ठेवायची, डेड स्टॉक रजिस्टर जुळवायचं. मी प्राध्यापक नव्हते, संशोधक तर नाहीच. हे आधीच सांगते, कारण आज मी ज्या विषयावर लिहिणार आहे तो विषय मोठ्या माणसांचा आहे. पृथ्वीवर जीव येण्याआधी त्याला लागणारी रसायनं कशी तयार झाली असतील, हे फ्लास्कमध्ये करून बघणारे प्रयोग. यावर जे वाचायला मिळतं त्यात वीज कडाडते, समुद्र उसळतो, ज्वालामुखी फुटतो. फ्लास्ककडे कुणी बघत नाही. मी आयुष्यभर फ्लास्कच बघितले, म्हणून लिहिते.

या वाटेला मी लागले ते लोणारमुळे. २०२० च्या जून महिन्यात, लॉकडाउनमध्ये, लोणारचं सरोवर एकाएकी गुलाबी झालं. फोनवर सगळीकडे तेच फोटो. पुण्याच्या आघारकर संस्थेनं पाणी तपासून सांगितलं की खारटपणा वाढल्यावर माजणाऱ्या सूक्ष्मजीवांचा तो रंग आहे. मला आठवलं की आपण पोरांना घेऊन स्टडी टूरला लोणारला गेलो होतो, १९९८ मध्ये, आणि तिथलं पाणी बाटलीत भरून आणलं होतं. पीएच पेपर बुडवला तर तो १० च्या आसपासचा रंग दाखवत होता. साधा साबण लाजेल असं पाणी. त्या बाटलीचं पुढे काय झालं ते शेवटी सांगते, तिचं दुखणं वेगळं आहे.

गुलाबी पाण्याबद्दल वाचता वाचता मी दुसऱ्याच गुलाबी पाण्यापर्यंत पोचले. तेही १९५२ सालच्या.

स्टॅन्ले मिलर हा शिकागो विद्यापीठातला पीएच.डी.चा विद्यार्थी. वय बावीस. आधी एडवर्ड टेलरकडे सैद्धांतिक विषयावर काम करत होता, पण टेलर शिकागो सोडून गेले आणि पोरगं उघड्यावर पडलं. त्यानं हॅरल्ड युरींचं एक व्याख्यान ऐकलेलं होतं. युरी म्हणजे जड हायड्रोजन शोधून १९३४ चं नोबेल मिळवलेला माणूस. सुरुवातीच्या पृथ्वीवर मिथेन, अमोनिया, हायड्रोजन असं वातावरण असावं आणि त्यात सेंद्रिय पदार्थ बनत असावेत, कुणीतरी करून बघायला हवं, असं ते बोलले होते. मिलर त्यांच्याकडे गेला आणि म्हणाला, मी करतो. युरींना ते फारसं रुचलं नाही. एवढा बेभरवशाचा विषय विद्यार्थ्याला द्यायचा म्हणजे त्याचं नुकसान. त्यांनी उल्कांमधल्या थॅलियमचं काम सुचवलं. मिलर हटून बसला तेव्हा सहा महिने ते वर्षभराची मुदत मिळाली. तेवढ्यात काही हाती लागलं नाही तर गुमान दुसरा विषय घ्यायचा.

आमच्याकडे प्रोजेक्टच्या पोरांना सर लोक असंच सांगायचे. फक्त मुदत पंधरा दिवसांची असायची.

आता उपकरण. पाठ्यपुस्तकात त्याची आकृती असते, पोरं ती पाच मार्कांसाठी काढतात आणि नेहमी कंडेन्सरचं पाणी उलट दिशेनं दाखवतात. खाली पाण्याचा छोटा फ्लास्क, वर पाच लिटरचा मोठा गोल फ्लास्क, त्यात दोन इलेक्ट्रोड. खालचं पाणी उकळायचं, वाफ वर जायची, वरच्या फ्लास्कमध्ये वायूंत मिसळायची, तिथे ठिणग्या. मग कंडेन्सरमधून थंड होऊन सगळं परत खाली, मधे यू आकाराची नळी, म्हणजे उलटं फिरायला नको. मिथेन आणि अमोनिया प्रत्येकी २०० मिलिमीटर दाबाचे, हायड्रोजन १०० मिलिमीटर, पाणी २०० मिलिलिटर. ठिणगीसाठी ६०,००० व्होल्टची टेस्ला कॉइल.

वाचताना माझ्या पोटात गोळा आला तो वेगळ्या कारणानं. हायड्रोजन, मिथेन आणि ठिणगी एका बंद काचेच्या भांड्यात. आत हवा राहून गेली तर अख्खं टेबल उडू शकतं. त्या पोरानं व्हॅक्यूम लावून हवा काढली, जोड तपासले आणि मग आठवडाभर, रात्रंदिवस, ते चालू ठेवलं. मला नुसतं साधं डिस्टिलेशन चालू ठेवून डबा खायला जायचा धीर झाला नाही कधी.

एका दिवसानंतर पाणी गुलाबी दिसायला लागलं. आठवडा संपता संपता गडद लाल आणि गढूळ. मिलरनं ते काढून त्यात आधी मर्क्युरिक क्लोराइड टाकलं, म्हणजे बाहेरून एखादा जंतू शिरलाच तर तो वाढू नये. मग पेपर क्रोमॅटोग्राफी.

इथे मी खुर्चीत सरळ झाले. कारण हे मला येत होतं!

मिलरनं वापरलेलं पहिलं सॉल्व्हंट होतं ब्युटेनॉल, अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड आणि पाणी. आमच्या बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलचं सॉल्व्हंट तेच. त्याचा तो डोकं धरणारा गोडसर वास मी बत्तीस वर्षं घेतला आहे, आणि साडीला लागलेला घरी नेला आहे. व्हॉटमनचा कागद, खाली पेन्सिलची रेघ (पेननं मारली की शाई पळते, दर वर्षी एक तरी पोरगं पेननं मारतंच), केशनळीनं एकेक थेंब, आणि कागद बरणीत लटकवायचा. सॉल्व्हंट वर चढतं, चढताना प्रत्येक अमिनो अ‍ॅसिडला (प्रथिनं ज्यांची बनतात ते घटक) वेगवेगळ्या उंचीवर सोडून देतं. वाळवायचं, निनहायड्रिन फवारायचं, ओव्हनमध्ये ठेवायचं. कोऱ्या कागदावर जांभळे ठिपके उमटतात. मी तो कागद ओव्हनमधून हजार वेळा तरी काढला असेल आणि प्रत्येक वेळी आधी मी बघायची, मग पोरांना द्यायची.

मिलरच्या कागदावर ग्लायसिन आलं, दोन तऱ्हेची अ‍ॅलॅनिन आली, आणखी दोन ठिपके होते त्यांची त्याला तेवढी खात्री नव्हती. निर्जीव वायू, पाणी, ठिणगी, आणि आठवड्याच्या शेवटी प्रथिनांचे घटक. १५ मे १९५३ ला 'सायन्स'मध्ये दोन पानांचा पेपर छापून आला. त्यावर नाव एकट्या मिलरचं. युरींनी आपलं नाव काढून घेतलं, कारण ते राहिलं असतं तर सगळं श्रेय नोबेलवाल्याला गेलं असतं. ही गोष्ट मी ज्या ज्या प्राध्यापकांना सांगितली ते सगळे 'वा' म्हणाले आणि विषय बदलला.

निनहायड्रिनची एक खोड आहे. कागदाला उघड्या बोटांनी हात लावलात तर ओव्हनमधून निघताना तुमच्या बोटांचे ठसे जांभळे होऊन येतात. घामात अमिनो अ‍ॅसिडं असतात. पोलीससुद्धा कागदावरचे ठसे याच रसायनानं उठवतात. आमच्याकडे एका मुलीचा अंगठा बरोबर ग्लायसिनच्या जागी उमटला होता, रेघारेघांसकट. तिनं त्याचाही आर.एफ. (ठिपका सॉल्व्हंटच्या तुलनेत किती चढला तो आकडा) काढून जर्नलमध्ये लिहिला.

हसू येतं खरं, पण या सगळ्या प्रयोगांचा घसा तिथेच धरला जातो. जीव नसताना जीवाचा माल तयार झाला असं म्हणायचं, आणि तपासणारा माणूस तर नखशिखांत त्याच मालाचा. मग दिसला तो ठिपका फ्लास्कचा कशावरून? मिलरनं यावर दोन तऱ्हेनं उत्तर दिलं. एक म्हणजे वायू भरलेलं अख्खं बंद उपकरण ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेच्या दाबानं जंतू मारायच्या यंत्रात, १८ तास ठेवलं आणि मग ठिणग्या सुरू केल्या. तरी तोच निकाल. दुसरं उत्तर मालातच होतं. त्याला मिळालेल्यांपैकी बीटा-अ‍ॅलॅनिन कुठल्याच प्रथिनात नसतं. जंतूंनी घाण केली असती तर प्रथिनांतलीच वीस दिसली असती, ही आगाऊ मंडळी कुठून आली?

पुढे १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियात मर्चिसन गावाजवळ उल्का पडली तेव्हाही प्रश्न तोच होता. लोकांनी हातांनी उचललेले दगड. त्यात अमिनो अ‍ॅसिडं निघाली ती दगडाची की उचलणाऱ्याची? नासाच्या प्रयोगशाळेत ज्यांनी हे तपासलं त्यांत सिरिल पोन्नमपेरुमा होते, श्रीलंकेत जन्मलेले, मद्रासला शिकलेले. उजव्या-डाव्या हातमोज्यांसारखी अमिनो अ‍ॅसिडं दोन रूपांत असतात आणि आपल्या शरीराची प्रथिनं फक्त डावी वापरतात. अंगठ्याचा ठसा असता तर सगळी डावी निघाली असती. दगडातली जवळजवळ निम्मी-निम्मी निघाली. त्यात प्रथिनांत नसणारीही होती. आमच्या त्या मुलीला हे तेव्हा सांगता आलं असतं तर तिचं जर्नल सर्टिफाय करताना सरांनी एवढी लाल शाई वापरली नसती.

आता तो भाग, ज्यासाठी मी हे शीर्षक दिलं.

२०२१ च्या ऑक्टोबरमध्ये स्पेन आणि इटलीतल्या काही संशोधकांचा एक पेपर आला. त्यांनी मिलरचा प्रयोग तीन तऱ्हांनी केला. एक, नेहमीच्या बोरोसिलिकेट काचेच्या भांड्यात. दोन, टेफ्लॉनच्या भांड्यात, काच अजिबात नाही. तीन, टेफ्लॉनचंच भांडं, पण पाण्यात काचेचे तुकडे टाकलेले. बाकी वायू, ठिणगी, सगळं तेच. निकाल असा की काचेच्या भांड्यात सगळ्यात जास्त आणि सगळ्यात विविध माल तयार झाला, नुसत्या टेफ्लॉनमध्ये सगळ्यात कमी, आणि तुकडे टाकलेल्या टेफ्लॉनचा निकाल मधे कुठेतरी.

कारण? अमोनियामुळे ते पाणी अल्कली, म्हणजे कॉस्टिकच्या जातीचं, होतं. अल्कली काच खातं. काचेतली सिलिका सुटून पाण्यात येते, काचेच्या पृष्ठभागावर बारीक खळगे पडतात, आणि त्या सगळ्यावर रसायनांना एकमेकांना भेटायला जागा मिळते.

मी पेपर तिथेच थांबवला आणि स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला. सत्तर वर्षं सगळ्या जगात हा प्रयोग शिकवला गेला. वायू कुठले, वीज किती, पाणी किती, यावर वाद झाले. ज्या भांड्यात तो झाला ते भांडं जणू नव्हतंच. आणि इकडे आमचे मामा १९८७ मध्ये, सातवी पास, काचा गोळा करता करता सांगून मोकळे झाले होते.

पण मिलरवर अन्याय नको. मी त्याचा १९५३ चा पेपर परत काढून वाचला. त्यात त्यानं स्पष्ट लिहिलं आहे की पाण्याचा गढूळपणा मुख्यतः काचेतून सुटलेल्या सिलिकामुळे आहे आणि लाल रंग त्या सिलिकावर चिकटलेल्या सेंद्रिय पदार्थांचा आहे. म्हणजे त्याला दिसलं होतं. लिहूनही ठेवलं होतं. वाचणाऱ्यांनी ते वाक्य वरवर वाचलं, जसं आपण 'भांडी स्वच्छ धुऊन घ्यावीत' हे वाक्य वाचतो.

आणि खऱ्या पृथ्वीला कुठे भांडं होतं? तिच्याकडे होते ते दगड, माती, राख, आणि त्या सगळ्यांत सिलिका भरपूर. त्यामुळे काचेनं प्रयोग बिघडवला असं मला वाटत नाही. उलट काच चुकून दगडाचं काम करून गेली. ज्यांनी टेफ्लॉन वापरलं त्यांचंही म्हणणं साधारण याच बाजूचं आहे.

वातावरणाचा वाद थोडक्यात सांगते, कारण त्यावर हल्ली कुणीही पोर फटकन म्हणतं, "मॅडम, मिलर तर खोटा ठरला ना?" झालं असं की नंतरच्या भूशास्त्रज्ञांना वाटू लागलं, सुरुवातीची हवा मिथेन-अमोनियाची नसून कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजनची असावी. त्या हवेत ठिणग्या पाडल्या तर अमिनो अ‍ॅसिडं जवळजवळ मिळत नाहीत. हे स्वतः मिलरनंही करून पाहिलं होतं. २००८ मध्ये त्याचा जुना विद्यार्थी जेफ्री बेडा आणि त्याचे सहकारी याच्या मुळाशी गेले. त्या हवेत ठिणगीनं नायट्राइट बनतात, पाणी आंबट होतं, आणि तयार झालेली अमिनो अ‍ॅसिडं तिथल्या तिथे मोडतात. सेकंड इयरला आपण प्रायमरी अमाइनची टेस्ट करतो, नायट्रस अ‍ॅसिड घातलं की नायट्रोजनचे बुडबुडे येतात, ती हीच मोडतोड! त्यांनी पाण्यात कॅल्शियम कार्बोनेट घातलं, आंबटपणा मारायला, आणि ऑक्सिडेशन अडवणारे पदार्थ घातले. चुनखडी आणि लोहाची खनिजं सुरुवातीच्या पृथ्वीवरही असावीत म्हणून. लगेच अमिनो अ‍ॅसिडं भरपूर दिसायला लागली. म्हणजे इथेही हवेइतकंच तळाशी काय पडलं आहे ते महत्त्वाचं. त्या पेपरवर मिलरचंही नाव आहे. तो २००७ च्या मे महिन्यातच गेला होता.

आणि त्याच्या जाण्यानंतर निघालेल्या खोक्यांची गोष्ट मला खरं तर लिहायची नव्हती.

मिलरची खोकी बेडाकडे आली होती. त्यांत १९५३-५४ मधल्या प्रयोगांच्या वाळवलेल्या गाळाच्या छोट्या कुप्या निघाल्या, लेबलं लावलेल्या, आणि कुठली कुपी कुठल्या प्रयोगाची ते वहीच्या पानांशी जुळणारं. त्यातला एक संच एका वेगळ्या उपकरणाचा होता. वाफेची बारीक धार थेट ठिणगीवर सोडणारा फ्लास्क, ज्वालामुखीच्या तोंडाशी वाफ आणि वीज एकत्र असते तसा. मिलरच्या वेळी कागदावर जेवढं दिसलं तेवढंच दिसलं. २००८ मध्ये त्याच वाळक्या गाळात नव्या यंत्रांनी २२ अमिनो अ‍ॅसिडं आणि ५ अमाइन मोजली. मग १९५८ चा आणखी एक संच निघाला. त्यात मिलरनं वायूंमध्ये हायड्रोजन सल्फाइड मिसळला होता, आणि तो माल त्यानं कधी तपासलाच नव्हता. २०११ मध्ये त्यात २३ अमिनो अ‍ॅसिडं सापडली, गंधक असलेलीसुद्धा. (तो तपासायचा का राहिला याबद्दल माझा स्वतःचा एक अंदाज आहे. ज्यानं हा वायू बनवायच्या किप्स अ‍ॅपरेटसशेजारी एक दुपार काढली आहे त्याला सडक्या अंड्याचा तो वास पुन्हा नको होतो.)

वाळलेला गाळ, पन्नास वर्षांची कुपी, आणि लेबल शाबूत.

२०१४ मध्ये आमच्या कॉलेजात तपासणीसाठी समिती येणार होती. महिनाभर रंगरंगोटी. लॅबच्या मागच्या खोलीतलं लाकडी कपाट उघडलं गेलं. आत पंचवीस-तीस वर्षांचं काय काय होतं. प्रोजेक्टच्या पोरांनी ठेवलेल्या बाटल्या, तळाशी डांबरासारखे थर घेतलेले राउंड बॉटम फ्लास्क, कुणीतरी कधीतरी केलेल्या स्फटिकांच्या नळ्या, लोणारचं पाणी. विभागप्रमुख म्हणाले, "हे सगळं साफ करून घ्या, समितीला हे असलं दिसता कामा नये." मी "हो सर" म्हटलं. वाद घातला नाही. वाद घालावा असं तेव्हा वाटलंही नाही, हे जास्त टोचतं. उलट कपाट रिकामं झालं म्हणून मला हलकं वाटलं. माझ्या हातानं लिहिलेली लेबलं मी माझ्याच हातानं भिजवून खरवडली.

त्यात काही जगाला हलवणारं नव्हतं, मला माहीत आहे. पण ते तळाचे काळे थर आठवतात. फ्लास्कच्या बुडाशी चिकटलेलं ते डांबर मी आयुष्यभर क्रोमिक अ‍ॅसिडनं घासत आले. सिंथेसिसमध्ये ते आलं की प्रयोग बिघडला असं धरायचं. मिलरच्या प्रयोगातही बराचसा कार्बन अशाच तपकिरी चिकट्यात गेला. नीट नाव देता येतील अशी अमिनो अ‍ॅसिडं थोडी, आणि ज्याला नाव नाही असा गोळा जास्त. वाचता वाचता कळलं की या क्षेत्रातल्या लोकांची अर्धी लढाई या गोळ्याशीच असते. पेशीत माहिती वाहणाऱ्या आरएनएचे तुकडे साखर, नायट्रोजनचे बेस आणि फॉस्फेट यांचे असतात. साखर आणि बेस वेगवेगळे करून मग जोडू म्हटलं की जोडले जात नाहीत. आरएनएचे तुकडे बनवताना अनेक दशकं तिथेच घोडं अडलं. २००९ मध्ये मॅंचेस्टरच्या जॉन सदरलंड यांच्या गटानं वेगळी वाट काढली. साखर आणि बेस असे दोन ढीग करायचेच नाहीत, दोघांचेही अर्धवट तुकडे एकत्र वाढू द्यायचे. आणि फॉस्फेट, जे सगळे शेवटी घालायचं धरून चालले होते, ते त्यांनी सुरुवातीलाच भांड्यात घातलं. त्यानं पीएच सांभाळला, क्रिया हव्या त्या वाटेला लावली आणि तो नाव नसलेला गोळा बनू दिला नाही. पुढे त्याला कामाला लागायचंच होतं, पण आधीपासून नुसतं हजर असण्यानंच अर्धं काम झालं.

पण फॉस्फेट आणायचं कुठून? ते कॅल्शियम दिसलं की त्याला घट्ट धरतं आणि तळाशी बसतं. पाण्यात मोकळं असं ते फारच थोडं उरतं. यावर वॉशिंग्टन विद्यापीठातल्या जोनाथन टोनर आणि डेव्हिड कॅटलिंग यांनी २०१९ च्या शेवटी एक उत्तर दिलं. कार्बोनेटनं भरलेली सोड्याची तळी बघा, ते म्हणाले. तिथे कॅल्शियमला आधी कार्बोनेटच पकडून बसतं, त्यामुळे फॉस्फेट पाण्यात मोकळं राहतं आणि साठत जातं. त्यांनी ज्या तळ्यांचा विचार केला त्यांत कॅलिफोर्नियातलं मोनो होतं, केनियातलं मगादी होतं.

आणि लोणार.

बुलढाणा जिल्ह्यातलं. आमच्या कपाटातलं!

म्हणून परवा मी मामांना फोन केला. ते माझ्या आधीच निवृत्त झाले होते, पण २०१४ च्या सफाईत त्यांनीच सगळं धुतलं होतं. आता गावी असतात. गुडघे दुखतात, बाकी बरं आहे म्हणाले. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग मी विचारलं, "मामा, त्या कपाटातल्या बाटल्यांचं काय केलं हो आपण? ती लोणारची होती बघा, मोठी, अडीच लिटरची, रबराच्या बुचाची."

"हाय की. घरी हाय."

माझा श्वास अडकला. "पाण्यासकट?"

"छ्या! पानी कशाला ठिवू? बाटली चांगली व्हती, टाकवंना. सुनंच्या शिलाई मशिनचं तेल हाय त्यात."

"म्हणजे पाणी ओतून दिलंत."

"वतलं की. आन् वतून तशीच न्हाई घेतली. तीनदा इसळली साध्या पान्यानं, एकदा डिस्टिल्डनं. तुमीच शिकवलं न्हवं?"